पर्वतीय मार्गदर्शकाची आंतरराष्ट्रीय पात्रता : कोणती निवडावी आणि तिच्यापर्यंत कसे पोहोचावे

दोराच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या अनोळखी माणसाला बांधून घ्यायचे, त्याला शिखरापर्यंत न्यायचे आणि अंधार पडण्याआधी सुखरूप खाली आणायचे, हे काम ज्यांना पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून करायचे आहे, त्यांना आज ना उद्या आंतरराष्ट्रीय पात्रतेचा विचार करावाच लागतो. उत्तम गिर्यारोहक आणि उत्तम मार्गदर्शक यांच्यात बरेच अंतर असते. अवघड कडा चढणाऱ्याने स्वतःचा तोल सांभाळला की पुरते. मार्गदर्शकाला मात्र दुसऱ्याचा तोल जाणार आहे हे तो जाण्याआधीच ओळखावे लागते. ही जाण कशी शिकवायची, कशी तपासायची आणि एका देशात तपासलेली जाण दुसऱ्या देशाने का मान्य करायची, या प्रश्नांची उत्तरे शोधताना या व्यवसायातील संघटना आणि त्यांची मानके आकाराला आली. त्या संघटनांची कामे वेगळी करून सांगणे आणि उमेदवाराने कोणत्या क्रमाने पावले टाकावीत हे मांडणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी भूभाग ठरवा, मग संघटना

बहुतेक उमेदवार सुरुवातच उलट्या बाजूने करतात. सर्वांत प्रतिष्ठेचा बिल्ला कोणता हे ते आधी शोधतात आणि आपल्याला नेमके कुठे काम करायचे आहे याचा विचार नंतर करतात. वास्तविक आंतरराष्ट्रीय पातळीवर दोन वेगळे व्यवसाय मान्य झालेले आहेत आणि त्यांच्यातली सीमारेषा दोराने आखलेली आहे.

पहिला व्यवसाय आहे पर्वतीय पदभ्रमणाच्या नेतृत्वाचा. अशा नेत्यांच्या राष्ट्रीय संघटनांचा आंतरराष्ट्रीय संघ २००४ साली स्थापन झाला आणि तो ‘यूआयएमएलए’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. ‘इंटरनॅशनल माउंटन लीडर’ ही पात्रता असलेली व्यक्ती डोंगरवाटांवर, दुर्गम पठारांवर आणि हिवाळ्यात बर्फाच्छादित सौम्य उतारांवर स्नोशूज (बर्फात पाय रुतू न देणारे रुंद पायतळ) घालून गट नेऊ शकते. हिमनदीवर किंवा जिथे पुढे जाण्यासाठी दोर आणि आरोहणाचे तंत्र लागते अशा भूभागावर गट नेण्याचा अधिकार या पात्रतेने मिळत नाही.

दुसरा व्यवसाय आहे पर्वतीय मार्गदर्शकाचा, ज्याला जगभर ‘माउंटन गाईड’ म्हणतात. प्रस्तरारोहण, बर्फावरील आणि हिमभिंतींवरील आरोहण, हिमनद्या, उंच पर्वत आणि स्कीवरून केलेला पर्वतप्रवास, हे सारे त्याच्या कक्षेत येते. या मार्गदर्शकांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९६५ साली ऑस्ट्रिया, फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड येथील मार्गदर्शकांनी स्थापन केला. इंग्रजीत त्याला ‘आयएफएमजीए’, फ्रेंचमध्ये ‘यूआयएजीएम’ आणि जर्मनमध्ये ‘आयव्हीबीव्ही’ म्हणतात. ही तिन्ही नावे एकाच महासंघाची आहेत. हे माहीत नसल्यामुळे तीन वेगवेगळ्या पात्रता आहेत असे समजून गोंधळणारे उमेदवार मी पाहिले आहेत. युरोपाबाहेरून या महासंघात सर्वप्रथम १९७० च्या दशकात कॅनडा आला, अमेरिकेची संघटना १९९७ साली आणि नेपाळची २०१२ साली सामील झाली. आज वीसहून अधिक देशांच्या संघटना त्याच्या सदस्य आहेत.

पदभ्रमणाच्या नेतृत्वाला मार्गदर्शकपदाची खालची पायरी समजण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. दाट धुक्यात, वाट पुसून गेलेल्या पठारावर दमलेल्या बारा माणसांना एकत्र ठेवून होकायंत्राच्या आधारे नेमक्या खिंडीवर आणून सोडणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि कड्यावर सफाईने वावरणाऱ्या कित्येकांना ते साधत नाही. म्हणून आपल्याला वर्षातले दोनशे दिवस कुठे घालवायचे आहेत, हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. उत्तर डोंगरवाटा असे आले, तर हिमभिंतीची परीक्षा देण्यात आयुष्याची पाच-सहा वर्षे खर्च करण्याचे कारण नाही.

कोणती संस्था काय करते

या क्षेत्रात सारख्या दिसणाऱ्या आद्याक्षरांची गर्दी आहे, आणि चुकीच्या दारावर थाप मारून वर्ष वाया घालवण्यापेक्षा ती एकदा नीट समजून घेणे बरे.

‘यूआयएए’ हा गिर्यारोहण संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९३२ साली फ्रान्समधील शामोनी येथे स्थापन झाला. त्याचे सदस्य म्हणजे हौशी गिर्यारोहकांच्या राष्ट्रीय संस्था. दोर, कॅराबिनर (दोर अडकवण्याची धातूची कडी), हार्नेस (दोर बांधण्यासाठी अंगावर घालायचा पट्टा), हेल्मेट यांवर दिसणारे त्याचे सुरक्षाचिन्ह अनेकांच्या परिचयाचे असते. स्वयंसेवी नेते आणि प्रशिक्षक यांच्यासाठी त्याची प्रशिक्षण मानकेही आहेत आणि त्या मानकांना उतरणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमांना तो मान्यता देतो. आपल्या क्लबमध्ये विनामोबदला शिकवणाऱ्यांसाठी ही चौकट फार उपयोगाची आहे. परंतु व्यावसायिक मार्गदर्शकाचा परवाना या महासंघाकडून मिळत नाही. पर्वतीय बचावकार्याचा आंतरराष्ट्रीय आयोग १९४८ पासून काम करतो आहे आणि बचावाच्या तंत्रांविषयी शिफारशी करतो. हा आयोग, ‘यूआयएए’ आणि पर्वतीय वैद्यकाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून १९९७ साली डॉक्टरांसाठी पर्वतीय वैद्यकाची पदविका सुरू केली. साहसी पर्यटनातील नेत्यांच्या क्षमतेविषयीचे ‘आयएसओ २११०२’ हे मानक २०२० साली प्रसिद्ध झाले. ते कोणत्याही साहसी उपक्रमातील नेत्यांकडून अपेक्षित असलेल्या समान क्षमता सांगते, पण ते वाचून कोणी मार्गदर्शक होत नाही.

आणखी एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. मार्गदर्शकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्वतः व्यक्तींसाठी प्रशिक्षणवर्ग चालवत नाही. तो किमान मानक ठरवतो आणि सदस्य संघटनांचे प्रशिक्षण त्या मानकाला उतरते की नाही हे पाहतो. प्रत्यक्ष शिकवणे आणि परीक्षा घेणे ही कामे त्या-त्या देशाची संघटना किंवा तेथील मान्यताप्राप्त शाळा करते. फ्रान्समध्ये हे प्रशिक्षण शामोनीच्या राष्ट्रीय स्की व गिर्यारोहण शाळेत होते आणि शेवटी सरकारी पदविका मिळते. अमेरिका आणि कॅनडा येथे संघटनाच प्रशिक्षण देतात आणि तेथे प्रस्तरारोहण, उंच पर्वत व स्की अशा तीन शाखा स्वतंत्रपणे पूर्ण करता येतात. एक शाखा पूर्ण झाली की त्या शाखेपुरते काम करता येते आणि तिन्ही पूर्ण झाल्यावर आंतरराष्ट्रीय बिल्ला मिळतो. ज्याला कमावत कमावत शिकायचे आहे त्याच्यासाठी ही पद्धत सोयीची आहे.

आपल्या देशात सदस्य संघटना नसेल, तर परदेशी उमेदवार घेणारी संघटना शोधावी लागते. तेव्हा शुल्क आणि व्हिसा यांच्याइतकाच भाषेचा विचार करावा. परीक्षेच्या दिवशी पहाटे हिमस्खलनाचे वार्तापत्र त्या भाषेत वाचून त्यातील बारकावे समजले पाहिजेत, आणि घाबरलेल्या माणसाला दोन शब्दांत नेमकी सूचना त्याच भाषेत देता आली पाहिजे.

नोंदवही : खरी प्रवेशपरीक्षा

प्रशिक्षणाला प्रवेश मिळण्याआधीच उमेदवाराकडे स्वतंत्र अनुभव असावा लागतो, आणि तो नोंदवहीतून सिद्ध करावा लागतो. नवख्याला गिर्यारोहण शिकवणे हा या प्रशिक्षणाचा उद्देशच नाही. ज्याला ते आधीच उत्तम येते त्याला मार्गदर्शन शिकवणे हा आहे. मागणी किती नेमकी असते याची कल्पना येण्यासाठी ब्रिटनमधील ‘माउंटन लीडर’ या पदभ्रमणाच्या राष्ट्रीय पात्रतेचे उदाहरण घेऊ. तेथे प्रशिक्षणाआधी किमान २० आणि मूल्यमापनाआधी किमान ४० दर्जेदार पर्वतीय दिवसांची नोंद लागते, शिवाय तंबूतील ८ रात्री लागतात आणि त्यांपैकी किमान ४ रानातल्या मुक्कामाच्या असाव्या लागतात. दर्जेदार दिवस म्हणजे साधारण पाच तासांहून अधिक काळ, शक्यतो अनोळखी भागात, स्वतः दिशा शोधत आणि निर्णय घेत काढलेला दिवस. कोणाच्या तरी मागून चालत गेलेला दिवस कितीही लांब असला तरी तो यात धरत नाहीत. मार्गदर्शकपदासाठी मागणी याहून बरीच जड असते: वेगवेगळ्या पर्वतरांगांतील लांब चढाया, पुढे राहून चढलेले अवघड प्रस्तरमार्ग, हिमभिंती आणि अनेक दिवसांचे स्कीप्रवास, आणि तेही एकाच हंगामात उरकलेले नव्हे तर काही वर्षांत पसरलेले.

नोंद कशी लिहावी, याकडे फार थोडे उमेदवार लक्ष देतात. ‘शिखर सर केले, हवा चांगली, वेळ नऊ तास’ या नोंदीतून परीक्षकाला काहीच कळत नाही. तीच नोंद अशी लिहून पाहावी (अँकर म्हणजे दोर बांधण्याचा पक्का आधार, स्लिंग म्हणजे मजबूत पट्टीचा फास आणि रॅपल म्हणजे दोरावरून खाली उतरणे): ‘दोघांचा दोर. सहापैकी चार टप्पे मी पुढे राहून चढलो. तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी अँकरसाठी एकच भरवशाची भेग मिळाली, म्हणून दोन मीटर खाली उतरून खडकाच्या सुळक्याला स्लिंग घातली आणि दोन्हींवर भार वाटला. शिखरावर ठरल्या वेळेपेक्षा पन्नास मिनिटे उशिरा पोहोचलो. उतरणीच्या घळीतला बर्फ तोवर मऊ झाला होता आणि बूट घोट्यापर्यंत आत जात होता, म्हणून घळ सोडून धारेवरून तीन रॅपल करत उतरलो. पहाटे निघण्यात केलेली दिरंगाई ही मूळ चूक.’ या सहा-सात वाक्यांत उमेदवाराचे तंत्राचे ज्ञान दिसते, निर्णय दिसतो आणि स्वतःची चूक बघण्याची तयारीही दिसते.

अर्ध्यातून परत फिरलेल्या चढायाही अवश्य नोंदवाव्यात. परत फिरल्याची एकही नोंद नसलेली वही पाहिली की अनुभवी परीक्षकाला उमेदवाराच्या धैर्यापेक्षा त्याच्या निर्णयशक्तीविषयी शंका येते, आणि माझ्या मते ती शंका रास्त असते. नोंद त्याच संध्याकाळी लिहावी. दोन महिन्यांनी स्मरणातून लिहिलेल्या नोंदीत बर्फ नेहमीच घट्ट असतो आणि वेळ नेहमीच अचूक असते.

प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र याच काळात मिळवून ठेवावे. वर सांगितलेल्या ब्रिटिश पात्रतेला किमान १६ तासांचा अभ्यासक्रम पुरतो, तर उत्तर अमेरिकेत मार्गदर्शकांकडून साधारण ७० ते ८० तासांच्या, दुर्गम भागासाठीच्या अभ्यासक्रमाची अपेक्षा असते. आपली संघटना कोणते प्रमाणपत्र ग्राह्य धरते हे आधी लेखी विचारून घ्यावे.

प्रशिक्षणात काय शिकवले जाते

प्रवेश मिळाल्यावर प्रशिक्षण काही वर्षे टप्प्याटप्प्याने चालते. मधला एक टप्पा पार केला की उमेदवार ‘अॅस्पिरंट’, म्हणजे उमेदवारी करणारा मार्गदर्शक होतो आणि पूर्ण पात्र मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली मर्यादित काम करू शकतो. हा काळ कागदोपत्री उरकण्याचा नाही. ज्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे असे दोन-तीन ज्येष्ठ मार्गदर्शक निवडून त्यांच्या शक्य तितक्या वेगवेगळ्या सहलींवर जावे, आणि ते चढतात कसे याच्यापेक्षा ते कुठे थांबतात, कुणाशी काय बोलतात आणि घड्याळ केव्हा पाहतात हे बघावे.

तंत्रांपैकी सर्वांत कठीण तंत्र कोणते असे विचारले, तर बरेच जण हिमभिंतीचे नाव घेतील. मी आखूड दोराचे तंत्र सांगेन. मध्यम उताराच्या खडकाळ किंवा बर्फाळ धारेवर प्रत्येक टप्प्याला अँकर बांधून बिले देत (म्हणजे थांबून दोराने दुसऱ्याला सावरून धरत) बसले तर दिवस पुरत नाही, आणि दोर सोडून चालले तर ग्राहकाची एक घसरण जिवावर बेतते. अशा ठिकाणी मार्गदर्शक जादा दोराचे वेटोळे खांद्यावर घेतो आणि ग्राहकाला काही मीटरच्या अंतरावर ठेवतो. दोर हातात हलका ताणलेला असतो; सैल पडला तर घसरण वेग घेते आणि ओढला तर ग्राहकाचाच तोल जातो. चालता चालता तो दोर खडकाच्या उंचवट्यामागून नेतो, अवघड पावलाशी आधी स्वतः पक्का उभा राहतो आणि मगच ग्राहकाला पाऊल उचलायला सांगतो. उतरताना ग्राहक पुढे आणि मार्गदर्शक मागे, म्हणजे वरच्या बाजूला असतो. पाय सटकताच त्याच क्षणी दोर आवळला तर घसरण घसरणच राहते. अर्धा सेकंद उशीर झाला तर दोघेही जातात. म्हणून हे तंत्र कुठे वापरायचे याहून कुठे थांबवून रीतसर अँकर बांधायचा, हे ठरवणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि परीक्षकांचे लक्ष नेमके तिथेच असते. एका मार्गदर्शकामागे किती ग्राहक असावेत हेही भूभागच ठरवतो: आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखरावर एकास एक, तिथल्याच मों ब्लां शिखराच्या नेहमीच्या मार्गावर एकास दोन, अशी प्रथा आहे.

हिमनदीवरचे प्रशिक्षण हिमभेगेत पडलेल्या माणसाला बाहेर काढण्याभोवती फिरते. दोराला लोंबकळणाऱ्याचा भार अंगावर असताना मार्गदर्शकाने एकट्याने बर्फात अँकर रोवायचा, भार त्यावर सोपवायचा, भेगेच्या ओठात दोर रुतू नये म्हणून खाली काही तरी सरकवायचे आणि कप्पीच्या रचनेने ओढायला लागायचे. हा सराव घराच्या अंगणात दोनशे वेळा करता येतो आणि तो तसा केलेला असावा, कारण खऱ्या प्रसंगी हातमोज्यांतली बोटे आठवणीवरच चालतात.

हिमस्खलनाच्या अभ्यासात पाच पातळ्यांच्या धोकामापकापासून सुरुवात होते आणि उताराचा कोन, वाऱ्याने साठलेला बर्फ, थरांमधील कमकुवत थर असे पुढे जाते. स्वित्झर्लंडचे मार्गदर्शक वेर्नर मुंटर यांनी यासाठी जी ३×३ पद्धत मांडली ती मन लावून शिकण्यासारखी आहे. हवामान व बर्फाची स्थिती, भूभाग आणि माणसे हे तीन घटक घ्यायचे आणि ते तीनदा तपासायचे: घरी नकाशासमोर, तिथे पोहोचल्यावर डोळ्यांसमोर दिसणाऱ्या दरीत, आणि शेवटी प्रत्यक्ष उताराच्या तोंडाशी. त्यांचाच एक साधा नियम असा, की धोका पातळी २ असेल तर ४० अंशांपेक्षा, ३ असेल तर ३५ अंशांपेक्षा आणि ४ असेल तर ३० अंशांपेक्षा कमी उतारावर राहावे. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाच्या वाचण्याची शक्यता पहिल्या १० ते १५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते, म्हणून शोधयंत्र वापरून शोधणे आणि फावड्याने उकरणे या दोन्हींची परीक्षा घड्याळ लावून घेतली जाते.

अंतिम परीक्षा

परीक्षा अनेक दिवस प्रत्यक्ष पर्वतात चालते. परीक्षक किंवा सहउमेदवार ग्राहकाची भूमिका घेतात आणि उमेदवाराने त्यांना खरे ग्राहक मानूनच वागवायचे असते. मार्ग आदल्या संध्याकाळी सांगितला जाऊ शकतो, त्यामुळे अनोळखी मार्गाचे वर्णन वाचून वेळापत्रक, पर्यायी वाटा आणि परत फिरण्याची वेळ रात्रीतून आखता आली पाहिजे. तयारी करताना मित्रांना ग्राहक करून अगदी सोप्या मार्गांवर नेण्याचा सराव करावा. सोप्या मार्गावरच चालण्याचा वेग, पाणी पिण्याचे थांबे, थंडी वाजणाऱ्याकडे गेलेले लक्ष आणि सूचनांतील स्पष्टता या गोष्टी उघड्या पडतात, आणि चांगले चढणारे उमेदवार मागे राहतात ते बहुधा याच गोष्टींत.

बिल्ला मिळाल्यानंतर

बिल्ला म्हणजे सर्व देशांत काम करण्याचा परवाना, असा समज करून घेऊ नये. फ्रान्ससारख्या देशांत हा व्यवसाय कायद्याने नियंत्रित आहे. स्वित्झर्लंडमध्ये जोखमीच्या उपक्रमांविषयीचा संघीय कायदा २०१४ पासून लागू आहे. युरोपीय संघात एका सदस्य देशाची पात्रता दुसऱ्यात मान्य करून घेण्यासाठी जे युरोपीय व्यावसायिक कार्ड जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाले, त्यात पहिल्या पाच व्यवसायांत परिचारिका, औषधनिर्माते, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि मालमत्ता दलाल यांच्या बरोबरीने पर्वतीय मार्गदर्शकही होते. अमेरिकेत उलट परिस्थिती आहे. तेथे संघटनेची पात्रता कायद्याने सक्तीची नाही, परंतु सार्वजनिक जमिनीवर व्यवसाय करण्यासाठी ती जमीन सांभाळणाऱ्या यंत्रणेची परवानगी लागते. म्हणून नव्या देशात पहिला ग्राहक घेण्याआधी तेथील संघटनेला पत्र लिहून नोंदणी, काम करण्याचा परवाना आणि दायित्व विमा या तीन बाबी स्पष्ट करून घ्याव्यात. विम्याची कागदपत्रे वाचताना भूभागाची आणि देशांची यादी काळजीपूर्वक पाहावी, कारण पदभ्रमणासाठी काढलेला विमा हिमनदीवर लागू होईलच असे नाही.

पात्रता टिकवण्यासाठी सदस्यत्व चालू ठेवावे लागते आणि ठरावीक काळाने उजळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ओळखपत्रावर चालू वर्षाची नोंद असते. ग्राहकाने ती मागितली तर अपमान वाटून घेऊ नये. पहिल्या भेटीत, दोर पिशवीतून काढण्याआधी, आपणच ते कार्ड समोर ठेवावे, आणि संघटनेच्या सार्वजनिक यादीत आपले नाव कोणत्या वर्गाखाली सापडेल हेही सांगावे.